सहा ठिपक्यांची बाराखडी

ब्रेलमध्ये काना नाही, वेलांटी नाही, मात्राही नाही. ‘मराठी’ लिहायचं तर म, र, आ, ठ, ई अशी पाच अक्षरं ओळीनं टोचायची. छापील ‘कि’मध्ये वेलांटी ‘क’च्या आधी उभी असते, ब्रेलमध्ये आधी क, मग इ, अगदी आपण उच्चारतो तसंच. जोडाक्षर आलं की त्याच्या आधी एकच ठिपका येतो आणि पुढची जोडणी बोटाला आगाऊ कळते.

आणि हे सगळं फक्त सहा ठिपक्यांत! डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. कुठले उठवायचे नि कुठले नाहीत, एवढ्यावर 63 चिन्हं होतात. लुई ब्रेल या अंध फ्रेंच मुलानं 1824 मध्ये, पंधराव्या वर्षी ही मांडणी बसवली. 1951 मध्ये भारती ब्रेल आली आणि आपल्या भाषांना उच्चारानुसार हीच चिन्हं मिळाली. म्हणून मराठी, बंगाली आणि तमिळ ‘क’ बोटाला सारखाच लागतो: ठिपका एक आणि तीन.

खरी कसोटी लिहिताना लागते. पाटीत कागद अडकवून स्टायलसनं टोचायचं ते मागच्या बाजूनं, उजवीकडून डावीकडे. कागद उलटला की ठिपके वर येतात आणि वाचन डावीकडून सुरू होतं. ‘इ’ म्हणजे दोन आणि चार, ‘ए’ म्हणजे एक आणि पाच. दोघं एकमेकांची आरशातली रूपं. सहा ठिपक्यांच्या त्या एका घरात बाजू चुकली की ‘दिवा’चा ‘देवा’ होतो! एवढीशी मुलं ही उलटापालट सरावानं सहज पेलतात.

वाचताना बोट दाबायचं नसतं, हलकेच सरकवत राहायचं असतं. बोट थांबलं की ठिपके पुसट होतात. त्याहून थक्क करणारी गोष्ट मेंदूत घडते. लहानपणी दृष्टी गेलेले लोक ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा दृष्टीसाठीचा भाग कामाला लागतो, असं नोरिहिरो सदातो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवून दिलं. डोळ्यांकडून काहीच येत नसलं, तरी तो भाग अक्षरं वाचायला हजर!

आता फोन पुस्तकं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, असं विचारलं जातं. ‘दिन’ आणि ‘दीन’ ऐकून बघा. कानाला फरक कळत नाही. बोटाला मात्र पहिल्यात इ आणि दुसऱ्यात ई स्पष्ट लागते. शुद्धलेखन, परिच्छेद, विरामचिन्हं, एखाद्या ओळीवर थांबून मागे जाणं, हे सारं अक्षराला स्पर्श झाला तरच हाती येतं. 2008 मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, ते असं स्वतः वाचता येतं म्हणूनच मोलाचं आहे. अंध मुलाला फोन जरूर द्या, पण पाटी आणि स्टायलस त्याआधी द्या. ऐकून माहिती मिळेल. साक्षर व्हायला स्वतःच्या हातानं लिहावं आणि वाचावंच लागतं.