मनोऱ्यांचे अनुदान कोणाच्या खाती?

खतावरील अनुदानाची चर्चा दरवर्षी होते, कारण ते अर्थसंकल्पात आकड्यांनिशी मांडलेले असते. लालबाग-परळच्या गगनचुंबी मनोऱ्यांना मिळालेले अनुदान मात्र तेथे शोधूनही सापडणार नाही. ते नियमांतील दुरुस्तीच्या किंवा माफ केलेल्या आकारणीच्या रूपाने दिले जाते; म्हणून ते अनुदानच नव्हे, असा समज रूढ झाला आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने बंद गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरविली होती: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला भाग मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरण्यांची बरीच जमीन बांधकामाखाली असल्याने लोकांचा वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. तिजोरीतून एक पैसाही गेला नाही; गेली ती जमीन.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकामावरील अधिमूल्य वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणले. ग्राहकाचे मुद्रांक शुल्क विकासकाने भरावे, एवढी अट त्यास होती. सवलतीमुळे घरे स्वस्त होतात, हा अशा निर्णयांमागील नेहमीचा युक्तिवाद. परंतु विकासकाचा हिशेब उलट्या दिशेने चालतो. त्या वस्तीत ग्राहक किती किंमत देईल हे तो आधी पाहतो. त्यातून बांधकामखर्च, सरकारी देणी आणि नफा वजा करून जे उरेल ते जमिनीसाठी मोजतो. देणी कमी झाली की घराची किंमत उतरत नाही, जमिनीची चढते. जमीन आधीच घेतलेली असल्यास नफा वाढतो. शिवाय इमारत जितकी उंच, तितका उद्वाहने, पाया आणि अग्निसुरक्षा यांचा दर चौरस फुटामागील खर्च अधिक. असा मनोरा कारकुनाचे वा शिक्षकाचे घर आपोआप होणे नाही.

सवलत सरसकट त्याज्य आहे, असे नव्हे. जुन्या चाळींच्या पुनर्विकासात वाढीव चटईक्षेत्राच्या बदल्यात रहिवाशाला त्याच जागी घर मिळते. तेथे मोबदला डोळ्यांना दिसतो. गिरणगावात तो किती दिसतो? सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी व त्यांच्या वारसांनी घरांसाठी अर्ज केले. म्हाडाच्या २०१२ च्या सोडतीत घरे होती ६,९२५. पुढेही सोडती झाल्या, तरी बहुसंख्य अर्जदार घराविनाच राहिले. २०२४ साली त्यांच्यासाठी योजना आखली गेली ती शेलू आणि वांगणी येथे. जमीन परळची, घर कर्जतच्या वाटेवर!

तेव्हा प्रत्येक सवलतीचे मूल्य रुपयांत काढून, लोकांना मिळणाऱ्या मोबदल्यासह, ते दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन सरकारवर असले पाहिजे. खताच्या गोणीला जो हिशेब लागतो, तो साठ मजल्यांना का लागू नये?