पेले तीन, तबक कोणतं?

२६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकात्याहून ग्वांगझूला थेट विमान उडालं आणि पाच वर्षांहून अधिक काळ बंद पडलेली भारत-चीन विमानसेवा पुन्हा सुरू झाली. त्यामागचं राजकारण अग्रलेखांतून पुरेसं चघळून झालं आहे. चहाबाजांसाठी मात्र बातमीतला रस वेगळाच. ग्वांगझू ही ग्वांगदोंग प्रांताची राजधानी आणि त्याच प्रांताच्या पूर्व टोकाला चाओचौ. मुठीएवढी किटली, घोट-दोन घोटांचे बिनकानाचे पेले आणि एकाच पत्तीवर पुन्हापुन्हा पाणी ओतून काढलेला चहा, ही ‘गोंगफू’ पद्धत ज्या गावांनी जपली त्यांत चाओचौचं नाव पहिलं. २०२२ च्या नोव्हेंबरात युनेस्कोनं चीनच्या चहा-परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं, त्यातही हे गाव आहे.

किटली-पेल्यांचे संच साताऱ्या-सांगलीत बसून ऑनलाइन मागवता येतात. घोडं अडतं ते ट्रेपाशी. विक्रेते हटकून एकच वस्तू दाखवतात: बांबूच्या पट्ट्यांचा चौकोनी खोका, वर फटी, खाली पाणी साठायला सरकता खण. फोटोत तो फार देखणा दिसतो. पण कृष्णाकाठच्या आणि माणदेशातल्या घरांसाठी ही चुकीची खरेदी आहे, आणि तसं म्हणायला कारणं आहेत.

या पद्धतीत पाणी सांडायचंच असतं. गायवान, म्हणजे झाकण असलेली वाटी, शंभर-एकशेवीस मिलिलिटरची, पेला तीस-चाळीसचा. आधी उकळत्या पाण्यानं भांडी तापवायची, ते पाणी टाकायचं. पत्तीवरचं पहिलं पाणी बरेच जण ओतून देतात. मातीची किटली असेल तर झाकण लावल्यावर तिच्यावरूनही धार सोडायची. पहिला घोट ओठाला लागायच्या आत तीन-चारशे मिलिलिटर पाणी ट्रेच्या पोटात गेलेलं असतं. चिनी लोक याला ‘ओली’ पद्धत म्हणतात. ‘कोरड्या’ पद्धतीत ट्रेवर पाणी ओतत नाहीत. टाकाऊ पाण्यासाठी शेजारी वेगळं भांडं असतं आणि ट्रे फक्त चुकून सांडलेले थेंब झेलतो.

आता जिल्ह्यांकडे पाहू. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुका पाचशेच्या आसपास भागवतो. सांगलीचं चित्र याहून विचित्र. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. त्याच जिल्ह्यात जतच्या गावांनी टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे काढले आहेत. चार पेल्यांच्या चहाला हा हिशेब लावणं जरा अतीच, हे कबूल. खरी अडचण वाया जाणाऱ्या पाण्याची नाहीच, साठणाऱ्या पाण्याची आहे. खणात उरलेलं चहाचं पाणी रात्रभर राहिलं की सकाळी बुळबुळीत थर धरतं, चिलटं जमतात, आणि हा खण रोज उपसून, घासून, वाळवणारा माणूस घरात सहसा एकच असतो. तो कोण, हे वाचकांना माहीत आहे.

हा पाणीपचव्या खोका म्हणजेच अस्सल चिनी परंपरा, असा एक समज आहे. तो चाओचौच्याच एका पंडितानं खोडून ठेवला आहे. वंग ह्वेइदुंग हे त्यांचं नाव. १९५७ मध्ये त्यांनी आपल्या गावच्या चहावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात किटलीपासून मातीच्या चुलीपर्यंत आणि पंख्यापर्यंत एकेका उपकरणाची झडती घेतली आहे. तबकाबद्दल त्यांच्या अटी मोजक्या: रुंद असावं, म्हणजे चार पेले सुखानं मावतील, तळ सपाट असावा, म्हणजे पेले डगमगणार नाहीत, कड उथळ असावी. आकार गोल की चौकोनी याचा त्यांना आग्रह नाही. फटी नाहीत, खण नाही, बादलीत सोडायची रबरी नळी तर नाहीच. टाकाऊ पाण्याची सोय वेगळी आहे. धुण्याचे तीन वाडगे: एकात पेले बुडवायचे, एकात किटली, आणि तिसऱ्यात वापरलेलं पाणी व चोथा. काटकसरी माणसाची ही मांडणी आहे. खोके, नळ्या आणि टेबलाएवढ्या ट्रेचा थाट गेल्या काही दशकांतला. चहागृहांना आणि फोटोंना तो मानवला, म्हणून जगभर पसरला.

तबकात चार मावत असले तरी चाओचौच्या रिवाजात पेले तीनच. चौथा पाहुणा आला तर पेला वाढत नाही, पाळी लागते. तीन पेले एकमेकांना खेटून ठेवायचे आणि किटली त्यांच्यावर गोल फिरवत ओतायचं, म्हणजे कुणाला पाणचट आणि कुणाला कडक असा भेद होत नाही. या ओतण्यात थोडं सांडतंच, म्हणून कड हवी. पण पेला चिमटीत धरून उचलायचा असतो, म्हणून ती उंच नको. खोल ताटात बोटं अडतात आणि गरम पेला निसटतो. अर्धा-पाऊण इंच कड पुरते. दोन माणसांच्या घराला फूटभर लांबी भरपूर झाली. यापुढे प्रश्न उरतो तो फक्त कशाचं तबक, हा.

बांबूशी या भागाचं नातं जुनं आहे आणि त्यात चिनी माणसाचा हातही आहे. सर जॉन माल्कमनं १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली, बदल्यात वाईजवळचं खंडाळा दिलं. १८३४ च्या सुमारास महाबळेश्वरात एक तुरुंग उभा राहिला. मलाक्का सामुद्रधुनीच्या बाजूच्या इंग्रजी वसाहतींतून धाडलेले चिनी आणि मलायी कैदी तिथे ठेवले जात. १८६४ मध्ये तो बंद झाला. पण त्या तीसेक वर्षांत या कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे पिकवले, टोपल्या आणि वेताच्या खुर्च्या विणल्या, आणि ते कसब स्थानिकांच्या हाती दिलं. आज बाजारात मधाच्या बाटल्या आणि चपला घेणाऱ्या पर्यटकांना याचा पत्ताही नसतो. त्या कैद्यांना चहा मिळत होता का, मिळाला तर कशात पीत होते, हे सांगायला त्यांच्यातलं कुणी लिहून गेलं नाही.

विणलेला बांबू आणि ट्रेचा बांबू यांत मात्र फरक आहे. बुरुडानं विणलेली सुपली भिजली तरी तिच्या प्रत्येक पातीला वारा लागतो, ती वाळते. ट्रेमध्ये पट्ट्या गोंदानं एकमेकींना चिकटवलेल्या असतात. जावळी-पाटणच्या पावसाळ्यात त्या फुगतात, सांगलीच्या एप्रिलात आकसतात. दोन वर्षांत सांधे उकलायला लागतात. शिवाय बांबूत पिष्ट असतं, त्यावर बुरशी आणि भुंगा दोघंही पोसतात. ज्याला बांबूच हवा त्यानं बुरुडाकडून घट्ट विणीची उथळ सुपली घ्यावी आणि तिच्यात चिनी मातीची ताटली बसवावी. दिसायलाही ती खोक्यापेक्षा उजवी.

लाकडात साग चालतो. सुताराला एवढंच बजावायचं की लोखंडी खिळा नको. चहातलं आणि सागातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, तीच ही रसायनक्रिया. पितळी स्क्रू वापरावेत किंवा सांधा खाचेत बसवून घ्यावा.

पॉलिशवर इथे जरा थांबायला हवं, कारण मिरज जवळ आहे. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतारी आणि तंबोरे ज्या लकाकीनं डोळ्यांत भरतात ती चपडा लाखेची, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं थरावर थर दिलेली. ही झिलई पाहून कुणालाही वाटेल, असंच एक तबक करून घ्यावं. घेऊ नये. लाख उष्णतेनं मऊ पडते. उकळत्या पाण्याचा पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. सावंतवाडीच्या रंगीत लाखकामाचीही तीच गत. ती तबकं सुपारी-बडीशेपेला शोभतात. चिनी रोगण हे वेगळंच प्रकरण आहे. ते किड्याचं नसून झाडाचा चीक असतो, दमट हवेत घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की गरम पाण्याला दाद देत नाही.

चहाच्या बशीची जन्मकथाही याच रोगणाशी जोडलेली आहे. तांग काळात, इसवी सन ७८० ते ७८३ च्या दरम्यान, सिचुआनमधल्या त्स्वेइ निंग नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या मुलीची बोटं गरम पेल्यानं पोळत. तिनं पेल्याखाली एक ताटली घेतली. पिताना पेला घसरून कलंडायला लागला, तेव्हा ताटलीच्या मध्यावर मेणाचं कडं केलं आणि पेला त्यात बसवला. युक्ती जमली, मग कारागिराकडून मेणाच्या जागी रोगणाचं कडं करवून घेतलं. बापानं पाहुण्यांना दाखवलं आणि वस्तू रूढ झाली, असं जुनी चिनी नोंद सांगते. कथा घडवलेली असेलही, पण तिच्यातली अडचण आजच्या प्रत्येक ट्रेची आहे: गरम पेला, ओला तळ, घसरडी जागा. महाराष्ट्रानं पुढे बशीतच चहा ओतून फुंकर मारत पिण्याचा मार्ग काढला. त्या मुलीला तो सुचला असता तर कड्याची गरजच पडली नसती.

स्टीलची परात याच घसरडेपणावर नापास होते. पेले तिच्यात सरकतात, खणखणतात, आणि नाजूक तळाचा टवका उडतो. आत जुन्या धोतराचा चौपदरी तुकडा अंथरला की हे तिन्ही दोष जातात. ज्याला अजून या चहाची गोडी लागायची आहे त्यानं पहिले सहा महिने हेच करावं, खर्च शून्य.

याहून सरस वस्तू मराठी घरांत शतकानुशतकं आहे: ताम्हण. पसरट, सपाट तळाचं, बोटभर कडेचं, आणि मुळात वरून ओतलेलं पाणी झेलण्यासाठीच घडवलेलं. वंग ह्वेइदुंग यांच्या यादीतल्या सगळ्या अटी ते पुरी करतं. अर्थात देवघरातलं उचलून चहाला घेतलं तर घरात काय होईल ते सांगायला नको. नवं, वेगळं आणि मोठ्या मापाचं घ्यावं. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी अजून ठोक्याचं काम करते. तांब्यावर चहाचं पाणी राहिलं की ते कळकतं, म्हणून प्रत्येक बैठकीनंतर धुऊन पुसायला हवं. चिंचेचा कोळ आठवड्यातून एकदा. पिण्याचा चहा तांब्याला लागत नसल्यानं चवीला धोका नाही. टाकाऊ पाण्याचा वाडगा शेजारी ठेवावा आणि गार झालेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामं करावं. तुळशीत नको, त्यावर अनेक घरांत वेगळा वाद उभा राहील.

आणि तरीही पहिला क्रमांक दगडाला द्यावा लागेल. चिनी दुकानांत काळ्या दगडाचे ट्रे मानाचे आणि महाग. तो दगड जहाजातून आणवण्याचं कारण साताऱ्या-सांगलीला अजिबात नाही. अख्खा प्रदेश काळ्या बसाल्टवर बसला आहे. पाटे-वरवंटे घडवणारे पाथरवट आणि वडार अजून रस्त्याच्या कडेला भेटतात. बसाल्टवर चहाचा डाग दिसत नाही, बुरशी धरत नाही, पावसाळा-उन्हाळा त्याला सारखाच. फक्त दगड पारखून घ्यावा. पाचगणीच्या पठारावरचा तांबडा जांभा दिसतो छान, पण छिद्राछिद्रांचा, पाणी पिणारा, तो नको. काळ्यातही बारीक पोकळ्या असलेला पाषाण बाजूला काढावा. घट्ट, बारीक पोताचा दगड ठोकला की स्वच्छ आवाज देतो.

दगडाचे दोन दोष आहेत. थंडीत तो किटलीची ऊब ओढून घेतो. त्यावर आधी गरम पाण्याची एक धार सोडावी, भांडी तापवलेलं पाणी तसंही टाकायचंच असतं. दुसरा दोष कठीणपणाचा, पेला हात सैल सोडून ठेवला की गेला.

घडवून घेताना पाथरवटाला पाट्याचं नाव सांगू नये, नाहीतर तो सवयीनं टाकी लावून पृष्ठभाग खडबडीत करून देईल. वरची बाजू घासून सपाट, मधला भाग पाव इंच उतरता, आणि एका कोपऱ्यात पाणी निथळायला बोटभर रुंद खाच, एवढंच काम. बारा इंच लांब, आठ इंच रुंद आणि इंचभर जाडीच्या फरशीचं वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं, म्हणजे दोन हातांनी उचलून मोरीत धुता येईल इतपत. यापेक्षा मोठी करण्याच्या मोहात पडलं की ती जागची हलत नाही आणि तिच्याखाली पाणी साचून तोच खोक्याच्या खणाचा ताप सुरू होतो. खाली चार कोपऱ्यांना रबरी बुटं चिकटवावीत. ओट्याच्या ग्रॅनाइटवर ओरखडे उठत नाहीत आणि खालून वाराही खेळतो.