गल्ल्यातली चिल्लर

सकाळी ६.३०. दुकानात दूध-पावासाठी रांग. नाणी निरखायला आत्ता फुरसत नाही. वेगळं वाटलं की गल्ल्याशेजारच्या डबीत टाकायचं.

१०.००. ऊन दारातून तिरपं आत येतं. नाण्यावरचा उठाव पाहायला याच्यासारखा उजेड नाही. डबी उघडतो. आधी सालाखालची खूण: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर नाणं कोलकात्याच्या टाकसाळीतलं.

पाच रुपयांच्या एका पितळी नाण्यावर सिंहांवरून आडवी रेघ गेलीय. नख फिरवलं, तर रेघेवर अडलं. म्हणजे रेघ वर उठलेली आहे. ठशाला तडा गेला की दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो आणि अशी रेघ उमटते. ओरखडा असता तर नख खाली उतरलं असतं. हे नाणं ठेवायचं.

दुसरं नाणं एक रुपयाचं. कडेला चंद्रकोरीएवढी खाच. कुणी कानस मारली असेल? उलगडा खाचेच्या बरोबर समोर होतो. तिथली कड दबलेली, पुसट आहे. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावरच पुन्हा घाव बसला की चकती अपुरी निघते. मग कड उचलणाऱ्या यंत्रात खाचेच्या जागी दाब बसत नाही, म्हणून समोरची कडही नीट उठत नाही. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड शाबूत राहते. टाकसाळीतली चूक कुठली आणि बाजारातली इजा कुठली, हे ओळखण्यातच सगळी गंमत आहे.

दुपारी ३.००. शेजारचे काका मोबाइल घेऊन आले. जुन्या नाण्याला लाखो रुपये, फक्त आधी ‘शुल्क’ भरा. काका, एक पैसा देऊ नका, म्हटलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच अशा फसवणुकीबद्दल सावध केलंय.

७.००. गर्दी. दहाचं नाणं नको म्हणणारे अजून भेटतात. चौदाही नमुने चलनात आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं, तेच मी पुन्हा सांगतो.

९.३०. राहिलेली नाणी. एकावर ‘सत्यमेव जयते’ची अक्षरं गायब. सिंहांची नाकं, छाती, कड हे उंच भागही गुळगुळीत, म्हणजे ही हातोहातची झीज. दुसऱ्यावर दोनच अक्षरं बुजलीत, बाकी सगळं कोरं करकरीत. ठशात ग्रीस-कचरा साचला की असं होतं. पहिलं परत गल्ल्यात. दुसरं न घासता, न पुसता पाकिटात. चिंच लावून चमकवलेलं नाणं जाणकार हातात धरत नाहीत. पाकिटावर साल, टाकसाळ आणि दोष लिहिला, शटर ओढलं.