डांबर, मुरूम आणि एकच सायकल

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. वर्धा मार्गावरील माझ्या दवाखान्यात चौतीस वर्षांचा एक तरुण आला. मिहानमधील एका संगणक कंपनीत तो नोकरीला होता. तीन आठवड्यांपासून उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होत असल्याची त्याची तक्रार होती. हा मानेच्या मणक्याचा विकार असावा, असे त्याने मनाशी ठरवूनच टाकले होते. प्रश्न फक्त एमआरआय कोठे करावा एवढाच उरला होता. तपासताना गुडघ्याच्या वाटीभोवतीही दुखत असल्याचे लक्षात आले. ‘‘अलीकडे नवीन काही सुरू केलेत का?’’ असे मी विचारले. ‘‘सायकल, मॅडम. रोज ऑफिसला सायकलनेच जातो. आताही खाली उभी आहे.’’ औषध लिहिण्यापूर्वी मी जिना उतरून ती सायकल पाहायला गेले.

सायकल देखणी होती. वाकडे हँडल, २५ मिलिमीटरचे पातळ टायर, हलकी फ्रेम. मात्र या तरुणाचे घर मिहानच्या हद्दीलगतच्या एका जुन्या गावात. कंपनीपर्यंतचा रस्ता गुळगुळीत असला, तरी घराजवळचे शेवटचे दोन किलोमीटर मुरूम आणि उखडलेली गिट्टी. त्या पातळ, ताठ टायरांतून प्रत्येक धक्का थेट तळहातात उतरत होता. करंगळीकडे जाणारी अल्नर नस मनगटापाशी, तळहाताच्या कडेने जाते. तिच्यावर सतत दाब पडला की हीच दोन बोटे मुंग्या येऊन बधिर होतात. सीटही फार खाली होती. त्यामुळे गुडघा प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा अधिक वाकत होता. दोष मानेत नव्हता, निवडीत होता.

त्याला मी हसले नाही, कारण हीच चूक मीही केली आहे, फक्त उलट्या दिशेने. सहा वर्षांपूर्वी माझे एचबीएवनसी ६.१ आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या डॉक्टरने रुग्णांना व्यायामाचे धडे कोणत्या तोंडाने द्यावेत? त्याच आठवड्यात मी सायकल घेतली. दोन इंचांहून रुंद, खोल नक्षीचे टायर, पुढे-मागे स्प्रिंगा, वजन सतरा किलोंच्या वर. दुकानदार म्हणाला, ‘‘डोंगरही चढेल.’’ नागपूरच्या दक्षिणेला मला कोणता डोंगर चढायचा होता, हे मी स्वतःला विचारले नाही. डांबरी रस्त्यावर पायातील निम्मा जोर त्या स्प्रिंगाच गिळत असल्यासारखे वाटे. दोन महिन्यांत ती सायकल गॅलरीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले. लिहून दिलेली पण न घेतलेली गोळी आणि विकत घेतलेली पण न चालवलेली सायकल, दोहोंचा गुण सारखाच.

म्हणून सायकल घेण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : माझ्या रोजच्या वाटेवरील सर्वांत वाईट तुकडा कोणता आणि तो किती लांब आहे? आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र त्यांच्या वाटेची सायकल आपल्या वाटेवर आणू नये. मिहानची वाट मिश्र आहे. खापरीहून आत वळले की ‘एम्स’कडे आणि कंपन्यांकडे जाणारे प्रशस्त रस्ते लागतात, तेथून जुन्या गावांकडे वळले की मुरूम, आणि त्यापुढे शेतांमधून जाणारी पांदण. अशा वाटेसाठी दोन सायकली घेण्याची गरज नाही. एक मधली सायकल पुरते.

ही मधली सायकल नवी नाही. आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. दूधवाला, पोस्टमन आणि शाळामास्तर तिच्यावरूनच सडकेने जात आणि तिच्यावरूनच पांदणीत उतरत. तिच्या टायरवर २८ × १½ असे लिहिलेले असे, म्हणजे रुंदी सुमारे ४० मिलिमीटर. आज ‘हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींच्या टायरांची रुंदी साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर असते. फरक वजनाचा, गिअरचा आणि ब्रेकचा आहे; टायरचे शहाणपण जुनेच आहे.

धक्का शोषण्याचे पहिले काम टायरमधील हवा करते, स्प्रिंग नव्हे. १८८८ साली बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर बनवले आणि त्यानंतरच ते सायकलींवर रूढ झाले. दुकानात गेल्यावर म्हणून आधी रंग पाहू नका, टायरची कड वाचा. तेथे ‘४०-६२२’ अशी जोडी असते. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. मधोमध जवळजवळ सपाट आणि कडांना नक्षी असलेला टायर डांबरावर सहज पळतो आणि मुरमावर पकड धरतो. हवेची किमान व कमाल मर्यादाही तेथेच असते. डांबरावर कमाल मर्यादेच्या जवळ, मुरमावर किमान मर्यादेच्या जवळ हवा ठेवावी. एका साध्या पंपाने एकाच सायकलीच्या दोन सायकली होतात.

टायर आणि फ्रेम यांच्यामधील मोकळी जागाही पाहावी. विदर्भातील काळी माती पावसाळ्यात चाकाला अशी चिकटते की मडगार्ड गच्च भरून चाक जागीच थांबते. बोटभर जागा सुटलेली असावी. तरीही पावसानंतर दोन दिवस पांदण टाळून डांबरच धरावे. अशा चिखलात रिमवर दाबणाऱ्या रबरी ब्रेकपेक्षा डिस्क ब्रेक अधिक भरवशाचे ठरतात. बाभळीचे काटे बाराही महिने असतात. जाड टायर किंवा ट्यूबमध्ये घालायचे सीलंट आणि पंक्चर काढण्याचे साहित्य सोबत हवेच.

पुढील स्प्रिंगचा चिमटा घ्यावा का? खड्ड्यांचा रस्ता लांब असेल आणि चिमटा कुलूपबंद करण्याची सोय असेल, तर घ्यावा. अन्यथा स्वस्त स्प्रिंग म्हणजे केवळ वजन. त्यापेक्षा हलका गिअर महत्त्वाचा. चढावर पाय जड होण्यापूर्वीच गिअर उतरवावा, म्हणजे गुडघे दुवा देतील. सध्या पंधरा ते तीस हजार रुपयांच्या दरम्यान बरी हायब्रिड सायकल मिळते. वाकड्या हँडलच्या ‘ग्रॅव्हल’ सायकलीही याच जातीच्या. मात्र त्या बऱ्याच महाग असतात आणि वाकून बसण्याची सवय मागतात.

आता डॉक्टरांचा आवडता भाग, माप. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहावे. दांडी आणि शरीर यांत किमान दोन-तीन बोटांचे अंतर हवे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक आपोआप येतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. पन्नाशीनंतर हँडल सीटच्या उंचीला किंवा किंचित वर असावे. मान आणि मनगट दोन्ही सुखी राहतात. साडी किंवा सलवार नेसणाऱ्या भगिनींनी, तसेच कंबरेचे सांधे आखडलेल्यांनी खाली झुकलेल्या दांडीची फ्रेम आणि साखळीवर झाकण पाहावे. ओढणी चाकात जाऊन झालेल्या जखमा मी शिवल्या आहेत.

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जाण्यायेण्याची चाळीस मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे दोनशे मिनिटे झालीच. छातीत दुखणे, धाप लागणे, अनियंत्रित रक्तदाब किंवा जुना मधुमेह असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. सायकल हाडांवर शरीराचा भार टाकत नाही. म्हणून रजोनिवृत्तीनंतर चालण्याची आणि थोडे वजन उचलण्याची जोड हवीच. मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी परतावे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांना पर्याय नाही.

त्या तरुणाने रोड सायकल विकून ४० मिलिमीटर टायरची हायब्रिड घेतली आणि गादीचे हातमोजे वापरू लागला. दीड महिन्यात बोटे पूर्ववत झाली. एमआरआय करावा लागला नाही. माझीही जड सायकल मी भाच्याला दिली आणि तशीच एक मधली सायकल घेतली. माझे एचबीएवनसी आता ५.६ आहे. ते एकट्या सायकलीचे श्रेय नाही, ताटातील भातही कमी झाला. पण भात कमी करणे मला जड गेले, सायकल नाही.

तेव्हा वाचकहो, या रविवारी दुकानात जाण्याआधी रोजच्या वाटेवर एकदा पायी जाऊन या. कोठे डांबर संपते, कोठे मुरूम सुरू होतो, काटे कोठे पडतात, हे पाहा. दुकानदाराने काय घेता असे विचारले की त्याला तीच वाट सांगा.