लोणार : आधी उतार, मग चढ

दिवाळीच्या सुटीत कुठे जायचे, हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या घरात दरवर्षी निघतो. उत्तर बहुतेक ठरलेले असते: नात्यातले एखादे लग्न, नाहीतर कुणाकडे दोन दिवस मुक्काम. फिरायला गेलोच तर पुरुष आणि मुलगे पुढे चालत जातात, आणि घरातल्या बायका गाडीजवळ सतरंजी टाकून डबे सांभाळतात. गेल्या वर्षी आमच्या दहावीतल्या मुलीने सरळ विचारले, "अम्मी, वर्गात तुम्ही लोणारबद्दल इतके सांगता. मी ते काठावरूनच बघायचे का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून दादी, भाभी आणि मुलांसह सगळ्यांनीच खाली उतरायचे ठरवले.

मोहल्ल्यातल्या एक-दोन वडीलधाऱ्यांनी "मुलींना दऱ्याखोऱ्यांत कशाला नेता?" असे म्हटले. आम्ही वाद घातला नाही. घरची मंडळी सोबत आहेत, एवढेच सांगितले.

फजरची नमाज पढून दिग्रसहून निघालो आणि वाशिम, रिसोड करीत बुलढाणा जिल्ह्यात शिरलो. लोणारची गंमत अशी, की तिथे डोंगर चढावा लागत नाही. सपाट शेतजमिनीतून आपण जातो आणि एकाएकी पायाखालची जमीनच संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे गोल विवर, आणि सुमारे १३७ मीटर खाली, झाडांच्या हिरव्या कड्यात सरोवर. काळ्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून हा खड्डा पडला. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत. पुढे आर्गॉन पद्धतीने मोजल्यावर ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले.

मुलांना सर्वांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे. काच आणि साबण बनवायला लागणारा माल इथे मिळतो, सोराही निघतो आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, असे त्याने लिहिले. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही या खाऱ्या पाण्याची किंमत लोकांना कळत होती. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते. क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

वाट दगडगोट्यांची, पण सावलीची. वाटेत माकडे होती, मोरांचा आवाज येत होता. उतरताना सगळेच खुशीत होते. "एवढेच होते का?" असे भाभी दोनदा म्हणाल्या. काठावर पोहोचलो तेव्हा एक उग्र वास आला. आपल्या अरुणावतीच्या पाण्यात मासे मिळतात, इथल्या खारट पाण्यात पूर्वी मासा नसायचा, हे सांगून आम्ही थोडी मास्तरकी केली.

आमची चूक झाली ती इथेच. जोहरची वेळ झाली होती. सात माणसांत आम्ही मोजून पाच बाटल्या खाली आणल्या होत्या, बाकीचे पाणी गाडीत. त्या पाच बाटल्यांतल्या तीन वुजूतच संपल्या. पाणी पिण्यापुरतेच असेल तर तयम्मुमची सवलत आहे, हे मुलांना शिकवणारे आम्हीच. पण ऐन वेळी ते एकालाही आठवले नाही.

मग चढ सुरू झाला. इतर डोंगरांवर माणूस थकला की मागे फिरतो, आणि मागे म्हणजे उतार असतो. लोणारला उलटे आहे. दमलेले पाय घेऊन खरी मेहनत शेवटी करावी लागते. अर्ध्या वाटेत भाभींना घेरी आली. चेहरा पांढरा पडला, हात गार. बाटल्या रिकाम्या. आमचा मोठा मुलगा पाणी आणायला वर धावला. तो येईपर्यंतची वीस मिनिटे आम्ही फक्त दुआ करीत होतो. तेवढ्यात खालून कॉलेजच्या मुलींचा एक गट आला. त्यांनी न मागता पाणी दिले, मीठ-साखरेची पुडी दिली, आणि भाभींचे पाय दगडावर उंच ठेवायला लावले. डोंगरात मुलींचे काय काम, याचे उत्तर आम्हाला असे मिळाले.

सर्वांत शांतपणे वर आल्या त्या आमच्या दादी. वीस पावले चालायचे, मग उभे राहायचे, हा त्यांचा हिशेब शेवटपर्यंत मोडला नाही.

कुणी जाणार असेल तर आमच्या चुकीतून चार गोष्टी घ्याव्यात. उन्हाळा टाळावा आणि सकाळी लवकर उतरावे. माणशी दोन लिटर पाणी सोबत घ्यावे, त्यातले निम्मे चढासाठी राखून ठेवावे. पायघोळ बुरख्यात पाय अडकतो. सैल सलवार, लांब कुर्ता, पिनांनी घट्ट बसवलेला स्कार्फ आणि पकड असलेले बूट यांत पर्दाही राहतो आणि चालताही येते. हे वन्यजीव अभयारण्य आहे, शिवाय पावसाने पाणी चढले की काठची वाट बुडते. त्यामुळे वनखात्याच्या माणसाला विचारूनच पुढे जावे, आणि कचरा परत आणावा.

परतताना आम्हाला वाटले, भाभी आता पुन्हा यायचे नाव घेणार नाहीत. रिसोडला चहा घेताना त्याच म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझी बाटली माझ्याच खांद्यावर राहील." हल्ली त्या आणि मुलगी असरनंतर रोज तासभर चालतात. जानेवारीत चिखलदऱ्याला जायचे आहे, इन्शाअल्लाह. डबे गाडीत राहतील. त्यांच्याजवळ कुणी बसणार नाही.