दही लागलं का?

"दही लागलं का वं?"

दाराआडून आजीची हाक येते तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधत असते. पहाटेचे सव्वापाच. मी तशीच एका पायात बूट घालून स्वयंपाकघरात जाते, गाडग्यावरची ताटली सरकवते आणि गाडगं जरासं कलतं करते. वरची साय सुरकुतते आणि खालचं सगळं एका बाजूला वाहतं. रात्री विरजण वहिनीनं लावलं होतं, जरा उशिरा आणि जरा कमी.

"नाही लागलं."

आजी उठून बसल्याचा आवाज. "मंग ज्वारीच्या कोठीत ठेव त्याले. आन हालवू नको."

कोठीत मी कोपरापर्यंत हात घालते. वरचे दाणे गार आहेत, आतले ऊबदार. ही ज्वारी आमच्या वावरातली नव्हे, दुकानातून आणलेली. वावरात आता पऱ्हाटी आणि सोयाबीन, मधूनमधून तुरीचं तास, बस्स. मी दाण्यांत खड्डा करून गाडगं गळ्यापर्यंत पुरते आणि निघते. आज आमची सीतादही आहे, पहिल्या वेच्याआधीची वावरातली पूजा. दही लागलं नाही तर आजी पाकिटातलं चालवून घेणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनीला जास्तच.

धामणगाव रोडवर अजून अंधार आहे. आम्ही तिघी पळतो. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा, मिळून पन्नास गुण. आठशे मीटर आम्ही मोबाइलवर मोजून ठेवलेत, एका कडुनिंबापासून एका मोरीपर्यंत. रस्त्याच्या कडेला कुणी सोयाबीन वाळत घातलंय, त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर दगड. पहिल्या दिवशी मी त्याच दगडावर आपटले होते. आता पायांना दगडांची जागा पाठ आहे. यवतमाळकडून येणारा ट्रक दिवे पाडतो तेव्हा आमच्या तीन सावल्या पुढं लांब धावत जातात आणि ट्रक गेला की नाहीशा होतात.

घरी येते तर परसातली चूल पेटलेली. आई भाकरी थापतेय आणि वहिनी अंबाडी निवडतेय. अंबाडी परसातलीच. वावरात तासांच्या मधात उगवते तीही चांगली लुसलुशीत असते, पण 2017 नंतर आईनं ती घरात आणू दिलेली नाही. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विसावर माणसं गेली. तेव्हा मी शाळेत होते. यवतमाळच्या दवाखान्यातले डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले लोक टीव्हीवर दाखवायचे आणि आई टीव्ही बंद करायची. भावाचा चष्मा, हातमोजे आणि मास्क वावरातल्या लिंबावर टांगलेले असतात ते आईच्या धाकानं.

अंबाडी उकडून तिचं आंबट पाणी मी फेकून देते. मग ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ, हिरवी मिरची घालून घोटायची. घोटणारी मी, कारण वहिनीच्या मते माझ्या हातात गोळाफेकीचं बळ आहे, त्याचा घराला काही उपयोग व्हावा. लसणाची फोडणी वेगळी डब्यात घ्यायची, ती जेवताना वरून ओतायची. ठेचा, जवसाची चटणी, कांदे. भात मात्र गॅसवर, मऊ, मीठ न घालता.

साडेनऊला आजी स्वतः कोठीपाशी जाते. गाडगं बाहेर काढते, बुडाला चिकटलेले दाणे पुसते, कलतं करते. दही जागचं हलत नाही. आजी काही बोलत नाही, नुसतं गाडगं वहिनीच्या हातात देते. "सांभाळून आणजो." वहिनीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला मागून दिसतं.

*

दव उतरल्याशिवाय कापसाला हात लावायचा नसतो, म्हणून ही वेळ. ओला कापूस वेचला तर वजन भरतं, पण गाठोड्यात तो तापतो, पिवळा पडतो आणि विकायला नेला की ओलावा मोजणारं यंत्र खरं बोलतं. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, आठ टक्के ओलावा चालतो, त्यापुढं भाव कापतात, बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत.

पांदणीत अजून चिखल आहे. मागच्या वर्षापर्यंत आमची बंडी होती. बैल विकले तशी ती अंगणात उभी आहे आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. आम्ही चालत निघतो. आजी काठी टेकत पुढं, तिच्यामागं गाडगं घेतलेली वहिनी, मग आई, डोक्यावर भाकरींचं टोपलं, आणि शेवटी पाण्याची कॅन घेतलेली मी आणि माझी सहा वर्षांची पुतणी. बाबा आणि भाऊ आधीच गाडीवर पुढं गेलेत. वेचाईला आलेल्या पाच बाया धुऱ्यावर ओट्या बांधून बसल्यात.

"या, मालकीणबाई," त्यांतली एक म्हातारी आजीला म्हणते.

थट्टा असली तरी ते खरंच आहे. या पाच एकरांतले दोन एकर आजीच्या नावावर आहेत. 1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन चालवलं. नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा राजीखुशीनं बायकोच्या नावे करून द्यायचा, गावात असे शंभर जण झाले की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. आजोबा संघटनेच्या शरद जोशींच्या सभांना जायचे. एकदा सभेवरून आले ते हेच डोक्यात घेऊन. आजी सांगते की ती तेव्हा घाबरली होती, कारण तिला वाटलं म्हातारा आता बैरागी होऊन निघून जातो.

धुऱ्यालगतच्या पहिल्या तासात एक पऱ्हाटी आजी निवडते. कमरेएवढी, खाली तीन बोंडं फुटलेली, वर अजून पाती आणि एक फिकट पिवळं फूल. चपला लांब काढून ती मातीत बसते. मी नाल्यातून आणलेले सात खडे धुऊन देते.

"आमच्याकडं पाचच ठेवतात," वहिनी म्हणते. तिचं माहेर आर्वीकडचं.

"तिकडं वावरं लहान असतीन," आजी म्हणते. वहिनी ओठ दाबून हसते. इतकं बोलणं झालं म्हणजे दह्याचं प्रकरण मिटलं.

आजी एक बोंड उघडते. वाळलेल्या टरफलाच्या पाकळ्या चांदणीसारख्या उलगडलेल्या, प्रत्येकीत कापसाचा एकेक पुंजका. ती पाचही बोटं आत घालते आणि एकाच ओढीत सगळा कापूस बाहेर काढते. टरफल झाडावर रिकामं राहतं, काडीकचऱ्याचा एक तुकडा बरोबर येत नाही. मला ते अजून साधत नाही. माझ्या कापसाबरोबर पाचोळा येतोच. मग ती सरक्या सोडवते, उरलेला पुंजका डाव्या हातात धरते आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं त्यातून धागा ओढू लागते. चाती नाही, चरखा नाही. पीळ देते, ओढते, पुन्हा पीळ देते. धागा मधेच जाड होतो, मधेच इतका बारीक की उन्हात दिसेनासा होतो, पण तुटत नाही. वीतभर झाला की मांडीवर घासून घट्ट करते. तिच्या बोटांची कातडी कागदासारखी झालीय आणि कापूस त्या कातडीला अडत नाही. सगळ्या बाया गप्प. पुतणीसुद्धा.

तो धागा पऱ्हाटीच्या बुंध्याभोवती पाच वेढे घेतो, उरलेला खड्यांवर. हळद, कुंकू, प्रत्येक खड्यावर कापसाचं एक बोंड. कणकेचा दिवा वाऱ्यानं दोनदा विझतो, तिसऱ्यांदा आई पदराचा आडोसा करते. पळसाच्या पानावर दहीभात. मग आजी उठते, मुठीत दहीभात घेते आणि चारी दिशांना पऱ्हाट्यांवर उडवते. कापूस दह्यासारखा पांढरा आणि घट्ट पिकू दे, एवढंच मागणं. दह्याचे शिंतोडे पानांवर पडतात आणि खरंच, लांबून पाहिलं तर फुटलेलं बोंड कोणतं आणि दही कोणतं ते क्षणभर कळत नाही.

बाबा आणि भाऊ धुऱ्यावर टोपी हातात घेऊन उभे आहेत. आज त्यांना काही काम नाही आणि तसं उभं राहणं त्यांना जमत नाही. भाऊ सारखा मोबाइल काढतो, खिशात ठेवतो.

कॉलेजात आमच्या सरांनी सांगितलं होतं की सीता या शब्दाचा जुना अर्थ नांगरानं पडलेली रेघ. मी ते आजीला सांगून पाहिलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि मला रावेरीची गोष्ट ऐकवली. रावेरी आपल्याच जिल्ह्यातलं, राळेगाव तालुक्यातलं. तिथं सीतेचं एकटीचं देऊळ आहे. राम शेजारी नाही. गरोदरपणी वनात टाकलेली सीता या गावात आली, बाळंत झाली, गावकऱ्यांकडं तिनं गहू मागितले. "मूठभर गहू नाही देल्ले पोरीले," आजी सांगते, जणू तिच्याच एखाद्या भाचीबद्दल. मग सीतेनं सांगितलं, तुमच्याकडं गहू पिकणार नाही. शरद जोशींनीच पुढं त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आजी दर्शनाला जाऊन आलीय. तिथून आल्यावर तिनं दाराशी आलेल्या भिक्षेकरणीला कधी रिकाम्या हातानं पाठवलेलं नाही. बाबा कधीकधी कुरकुरतात.

बियाणं बीटीचं, पाकिटावर मोठमोठ्या बोंडांची चित्रं. देशात बीटीला परवानगी मिळाली 2002 साली, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. सीतादहीला बीटी की देशी याच्याशी देणंघेणं नाही. माझा विश्वास आहे का, असं मैत्रिणीनं विचारलं होतं. मी म्हटलं, खडे मीच धुते.

*

वेचाई सुरू होते. दुपट्ट्याची ओटी कमरेला बांधून मी तासात शिरते. पहिला वेचा विरळच असतो, खालची बोंडं तेवढी फुटलेली. यंदा भादव्यातल्या पावसानं तीही पुरती राहिली नाहीत. हात घातला की मधेच एखादं काळं पडलेलं, पिचपिचीत निघतं, एखादं कवडीसारखं कडक. टरफलाची टोकं नखाच्या कडेला बरोबर टोचतात. तासाभरात माझ्या दोन्ही अंगठ्यांना रक्त दिसू लागतं. शेजारच्या तासातली म्हातारी दोन्ही हातांनी दोन झाडं वेचतेय आणि वर माझ्या लग्नाचं विचारतेय.

"भरती झाली की पाहू, मावशी."

"पोलिसीण झाली तं आमाले नाही धरशीन ना वं?"

"तुम्ही काय केलं?"

"कापूस नेला थोडासा ओटीतून," ती म्हणते आणि सगळ्याजणी हसतात.

बाबा मला हाक मारतात. कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी राहिलीय. 2025 च्या या हंगामापासून सीसीआयला कापूस घालायचा तर ती लागते. लांब धाग्याला 2025-26 चा हमीभाव 8110 रुपये क्विंटल, बाहेर तेवढा कुणी देत नाही. धुऱ्यावरच्या बाभळीखाली नेटवर्क येतं, तिथं मी बसते. दोन एकर आजीचे, म्हणून आजीचं आधार, आजीचा सातबारा. तिचं आधार माझ्या नंबराला जोडलेलं आहे, ओटीपी माझ्याकडंच येतो. आजी शेजारी बसून पाहतेय. स्वतःचं नाव तिला वाचता येतं, ते दिसल्यावर ती बोट ठेवते आणि पडदा पुढं सरकतो. पुन्हा मागं यावं लागतं.

"काय काय इचारते हे?"

"किती वावर, किती पेरा."

"सीतादही केली म्हणून बी टाक त्याच्यात."

दुपारी सगळ्या एका ओळीत बसतो. आधी वेचणाऱ्या बायांना दहीभात, मग घरच्यांना. अंबाडीच्या भाजीवर आई फोडणीचं तेल ओतते आणि लसणाचा वास धुरा ओलांडून जातो. तुरीच्या तासापाशी पुतणीला एक वाळूक सापडलंय, पण ते वावरातलं म्हणून आई खाऊ देत नाही. ती ते फ्रॉकमध्ये लपवून घरी आणते. मी पाहते, सांगत नाही. पळसाच्या पानावरचा नैवेद्य एव्हाना मुंग्यांनी घेरलाय.

संध्याकाळी ताणकाट्यावर गाठोडी लागतात. बेचाळीस किलो, पाच एकरांत. बाबा आकडा दोनदा वाचतात, बायांचा हिशोब करतात आणि बिडी पेटवतात.

उद्या कोजागिरी, म्हणून आज गल्लीतल्या पोरींचा भुलाबाईचा गलका जरा जास्तच आहे. आमच्या ओसरीवर ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीचे भुलाबाई-भुलोजी बसलेत. गाणी झाली की खाऊ ओळखायचा, डबा कानाशी हलवून. आज डबा हलवला तरी आवाज नाही. शेंगदाणे नाहीत, फुटाणे नाहीत, पेढाही नाही. पोरी हरतात. वहिनी झाकण काढते, आत वाळकाच्या फोडी. आई वहिनीकडं पाहते, वहिनी पुतणीकडं, आणि पुतणी माझ्याकडं. "तीन पाण्यानं धुतलंय," मी म्हणते.

मागच्या अंगणात चांदणं पडलंय. मी गोळा उचलते. लोखंड गार आहे आणि अंगठ्यांवरच्या ओरखड्यांना झोंबतं. हाताला अजून हळदीचा वास. आजी बाजेवर बसलीय, काठी हातात. काल गोळा पडला होता तिथं तिनं चुलीतल्या राखेची रेघ ओढून ठेवलीय.

मी मानेशी गोळा धरते, वळते, फेकते. धप्प. कोंबड्या बंडीवरून कलकल करतात.

"कुठं पडला?" मी विचारते. डोळ्यांत घाम गेलाय.

आजी बाजेवरून उतरते, वाकून पाहते, काठीनं माती चाचपते.

"रेघेच्या अल्याड," ती म्हणते. "बोटं दुखून राहिले तुये. आणखी एक टाक."