आश्विनातले परसू

शेताचे वर्ष मृग नक्षत्राबरोबर उघडते आणि त्याचे कौतुक पंचांगापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्वत्र यथासांग होते. परंतु उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या दोन महालांत घराच्या मागील दारी, विहीर, गोठा आणि माडांची रांग यांच्या मधोमध जी दोन-चार गुंठ्यांची जमीन असते आणि जिला इकडे परसू म्हणतात, तिचे वर्ष उघडते ते हस्ताचा गडगडाट ओसरू लागल्यावर. भाद्रपदात गणपतीवर टांगायच्या माटोळीला ज्यांनी आपली तवशी, दोडकी, पडवळे आणि कारली पुरवली, त्या वेली आता मांडवावर पिवळ्या पडून लोंबत असतात. तिसऱ्या प्रहरी सह्याद्रीच्या बाजूने एखादी काळी सर येते, घटकाभर कोसळते आणि मागे वळूनही न पाहता निघून जाते. आणि दुसऱ्या दिवशी असे कडकडीत ऊन पडते की चार महिने भिजून मऊ झालेली माती दिवसादिवसाने आवळू लागते. पावसाचा अंमल उठला आहे आणि विहिरीचा अजून बसलेला नाही, अशा या दुहेरी मुदतीत परसातली सारी महत्त्वाची कामे उरकावी लागतात.

घाई कशासाठी, हे येथील जमिनीच्या स्वभावावरून कळते. आमची बहुतेक जमीन जांभ्याची. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातला चुना आणि पोटॅश धुऊन नेतो. मागे उरतात ती लोह आणि ॲल्युमिनियम यांची लाल-पिवळी द्रव्ये, व जमीन आम्लधर्मी होते. खाणीतून ताजा काढलेला चिरा कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागल्यावर टणक बनतो, म्हणून घरबांधणीला तो उत्तम. पण हाच गुण परसातल्या मातीत थोडा का होईना असतो, आणि ओली असताना तिला कुदळीने उलटले तर तिची ढेकळे अशी वाळतात की पुढे माघापर्यंत ती कोणत्याही मुळाला दाद देत नाहीत. उलट, उशीर झाला तर कुदळच उसळून परत येते. वाफसा ओळखणे, एवढीच काय ती विद्या; मात्र ती पुस्तकातून येत नाही. आमच्या शेजारच्या काकी पहाटे परसात उतरतात, चार बोटे खोलीवरची मूठभर माती काढतात, घट्ट वळतात आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडतात. गोळा तसाच चपटा पडून राहिला, की त्या हात पुसून म्हणतात, "आज न्हय, फाल्यां." गोळा पडताच त्याचा भुगा झाला, की मग घरात कोणाचे पाहुणे आले आहेत आणि कोणाचे पोट दुखते आहे, याचा विचार त्या दिवशी होत नाही.

त्याआधी आवरासावर असते. मांडवावरच्या वेली ओढून काढायच्या, परंतु सरसकट नव्हे. श्रावणातच ज्या दोडक्याला आणि ज्या तवशाला बियाण्यासाठी अभय मिळालेले असते, ते फळ वेलीवरच पूर्ण वाळू द्यायचे, आणि दोडका कानाशी हलवला असता आत बी खुळखुळू लागले म्हणजेच उतरवायचे. तेरडा आणि इतर पावसाळी तण बी धरण्यापूर्वी उपटले तर खत होते. बी धरल्यावर उपटले तर पुढल्या ज्येष्ठाची पेरणी आपणच केली असे होते. मांडवाचे बांबू काढून ज्यांची बुडे कुजली असतील ती छाटायची आणि उरलेले वालासाठी पुन्हा उभे करायचे. या वालाचा एक शिरस्ता आहे: गावठी वाल ज्येष्ठात लावा की भाद्रपदात लावा, दिवस आखूड झाल्याखेरीज त्याला फूल येत नाही. आषाढात हौसेने लावलेला वेल तीन महिने नुसता पाल्यावर पोसला जातो आणि शेंगेला मात्र उशिरा लावलेल्या वेलाबरोबरच येतो. म्हणून जाणती बाई त्याला आधी लावून मांडव अडवत नाही.

दुसरे काम वईचे, म्हणजे कुंपणाचे. भात कापून खळ्यावर गेले की गावची गुरे मोकळी सुटतात, ही जुनी वहिवाट आहे आणि ती मोडण्याची कोणाची छाती नाही. त्यामुळे कापणी संपण्याच्या आत गडग्याचे निखळलेले दगड बसवणे, मोगली एरंडाच्या फांद्या तोडून पडलेल्या जागी रोवणे आणि बेडक्याला नवी काठी घालणे अपरिहार्य ठरते. वस्तुतः कापणी, झोडणी आणि परसातली कामे एकाच पंधरवड्यात येऊन आदळतात. पुरुष मळ्यात गुंतलेले असतात, आणि परसाचा सारा कारभार बायकांच्या हाती जातो. मला वाटते, गोव्यातल्या भाज्यांच्या जाती जर कोणी जतन केल्या असतील तर त्या बायकांनी, आणि याच कारणाने. त्या कामात पुरुषांचा हात लागला नाही हे त्या जातींचे भाग्यच.

मातीला खाऊ घालण्याचा प्रकार गावागणिक बदलतो. डिचोलीच्या आतल्या भागात, मये, नार्वे, साखळीकडे, जेथे कुळागरांच्या सावलीत पालापाचोळ्याला तोटा नाही, तेथे शेणखत आणि कुजलेला पाला मुख्य. पेडण्याच्या किनारपट्टीत, मोरजी, मांद्रे, हरमल, केरी येथे जमीन रेताड, तेथे सुकवलेल्या बारीक मासळीचे खत मिरचीला आणि माडाला घालतात, व त्या आठवड्यात घराच्या मागील दाराकडे पाहुण्यांनी न गेलेले बरे. राख मात्र दोन्हीकडे समान. चुलीतली राख पावसाळाभर कोरड्या डब्यात साठवलेली असते. ती वाफ्यात मिसळली की जमिनीचा आंबटपणा कमी होतो आणि धुपून गेलेला पोटॅश काही अंशी परत मिळतो. घरोघर गॅस आल्यापासून ही राख दुर्मीळ झाली आहे, आणि आता आंघोळीच्या पाण्यासाठी पेटवलेल्या मागील दारच्या चुलीवरच परसाची सारी भिस्त राहिली आहे.

पेरणीपूर्वी बियाण्याची परीक्षा होते. ती होते देवघरात. घटस्थापनेच्या दिवशी केळीच्या पानावर किंवा पत्रावळीत माती पसरून तिच्यावर धान्ये पेरतात, नऊ दिवस पाणी शिंपडतात आणि दसऱ्याला ती पिवळी-पोपटी रुजवण देवाला वाहून केसांत माळतात. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवूनही एवढे दिसते की कोणते बी दमदार आहे आणि कोणते कोठीत किडले, याचा निवाडा देवीसमोर, ऐन पेरणीच्या तोंडावर, कोणाचाही शब्द न घेता लागतो. आमच्याकडे त्याच मातीच्या कडेला काकी मूठभर मुळ्याचे आणि चवळीचे बीही टोचून ठेवतात. पूजाविधीत त्यांना स्थान नाही, पण देवीने त्याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

मग वाफे. तांबड्या भाजीचे बी काळेभोर, चकचकीत आणि इतके बारीक की नुसते फेकले तर एके ठिकाणी झुबका उगवतो आणि हातभर जागा रिकामी राहते. म्हणून ते नदीच्या बारीक वाळूत कालवून, वाऱ्याकडे पाठ करून, कंबरेत वाकून विस्कटतात, वरून मातीचा जेमतेम थर देतात आणि वाफ्याभोवती राखेची रेघ ओढतात, कारण मुंग्यांना या बियांची भारी आवड. महिनाभरात ती मुळासकट उपटून जुडीला येते, आणि लगेच त्याच वाफ्यात दुसरी पेर पडते. मुळ्याचे बी जागेवरच टोचावे लागते. त्याचे रोप उपटून दुसरीकडे लावले तर मुळाला फाटे फुटतात आणि जो मुळा मिळतो तो बाजारात दाखवण्याच्या लायकीचा नसतो. वांग्याला हात-दीड हात अंतर हवे. रताळ्याचे वेल वीत-दीड वीत लांबीचे कापून वरंब्यावर आडवे पुरतात. अळसांदे मात्र परसात फारसे येत नाहीत. भात निघालेल्या मळ्यात जो ओलावा उरतो त्याच्यावरच ते पेरायचे.

सर्वांत जास्त लाड मिरचीचे. तिचे बी भाद्रपदाच्या अखेरीस वीतभर उंचीच्या गादीवाफ्यावर पडलेले असते, कारण सपाट जागी पाणी तुंबले की कोवळी रोपे बुंध्याशी काळी पडून एका रात्रीत आडवी होतात. पाच-सहा पानांवर आलेले रोप तिन्हीसांजेला हलवायचे, हा नियम कोणी मोडीत नाही. सकाळी लावलेले रोप दुपारपर्यंत मान टाकते आणि मग त्याला उठवण्यात चार दिवस जातात. खड्ड्यात आधी पाणी, मग रोप, मग माती, आणि पश्चिमेच्या बाजूला माडाच्या चुडताचा एक तुकडा तिरपा खोवून दुपारच्या उन्हापासून आडोसा. हरमलच्या मिरचीला आता सरकारी दप्तरी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु तिचे बी राखणाऱ्या बायका मानांकनाच्या पुष्कळ आधीपासून एक खबरदारी घेत आल्या आहेत, ती ही की तिखट आणि कमी तिखट अशा दोन जाती शेजारीशेजारी लावायच्या नाहीत, नाहीतर मधमाश्या त्यांची सोयरीक जुळवतात आणि पुढल्या वर्षीच्या मिरचीचा भरवसा राहत नाही.

या मिरचीचा, रताळ्याचा आणि कोपऱ्यातल्या पपईचा मूळ मुलूख अमेरिका खंड, आणि पश्चिम किनाऱ्यावर ही मंडळी उतरली ती पोर्तुगीजांच्या तारवांतून. गंमत अशी की डिचोली आणि पेडणे हे महाल त्या सत्तेच्या ताब्यात गेले 1780 च्या दशकात, नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात; पण मिरचीने हद्द ओलांडण्यासाठी तहाची वाट पाहिली नाही आणि कोणत्याही नाक्यावर परवानगी मागितली नाही. सत्ता 1961 च्या डिसेंबरात गेली. मिरची राहिली, आणि आज तिच्यावाचून आमच्या कुलदैवताचा नैवेद्यदेखील रांधला जात नाही.

कार्तिक लागला की आकाशाकडे पाहणे संपते आणि विहिरीकडे पाहणे सुरू होते. या दिवसांत विहीर तुडुंब असते. पूर्वी तिच्यावर लाट असे: आडव्या लांब लाकडाच्या एका टोकाला दगडाचा भार, दुसऱ्या टोकाला दोरी आणि घडा, माणूस भार देऊन घडा खाली सोडी आणि दगड तो वर आणी. आता विजेचा पंप आला आहे, आणि तो आल्याने श्रम वाचले हे निर्विवाद. पण नळीच्या धारेने कोवळ्या वाफ्याची माती उघडी पडते, म्हणून तांबड्या भाजीला अजूनही हाताने, बोटांमधून सोडूनच पाणी घालतात. माडांची आळी याच सुमारास उकरून त्यांत नारळाची सोडणे उपडी पुरतात, म्हणजे ओल वैशाखापर्यंत टिकते. केळीची जादा पिले काढतात आणि मोठ्या केळीजवळ एक-दोनच ठेवतात. आणि आंब्याला पाणी घालीत नाहीत. नवखे लोक, विशेषतः ज्यांनी इकडे शहरातून येऊन घरे घेतली आहेत ते, सर्व झाडांना सारख्याच मायेने पाणी घालतात आणि मग मानकुराद आंब्याला मोहोर का आला नाही म्हणून विचारतात. आंब्याला मोहोरण्यापूर्वी काही काळ तहान लागावी लागते, हे त्यांना पटवणे कठीण जाते.

परसाच्या मालकीचीही एक कैफियत आहे. पुष्कळ घरे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत वसलेली. माडाचे नारळ त्याच्या हिशेबी, भाजीचे वाफे तेवढे घरवाल्यांचे. 1975 च्या मुंडकार कायद्याने घर आणि त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला, म्हणजे अशा घरवाल्याला, दिला, आणि अनेक कुटुंबांचे परसू प्रथमच निश्चिंत झाले. परंतु जमीन सुरक्षित झाली म्हणून पाणी सुरक्षित झाले असे नव्हे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात, शिरगावसारख्या गावांत, लोहखनिजाचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली उतरले आणि घरच्या विहिरी आटल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या ऑक्टोबरात खाणी थांबवल्या तो नेमका वाफे करण्याचा महिना होता. पेडण्यात 2023 पासून मोपाच्या पठारावरून विमाने उडतात आणि रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव असा काही चढला आहे की गुंठाभर मिरचीच्या उत्पन्नाशी त्याची तुलना करणेच हास्यास्पद. तरीही डिचोलीच्या बुधवारच्या आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मार्गशीर्षापासून तांबड्या भाजीच्या जुड्या, मुळे आणि वालाच्या शेंगा घेऊन बसणाऱ्या बायका दिसतात, आणि त्यांच्यापुढची रास दुपारच्या आत संपते.

तुळशीचे लग्न लागते तोपर्यंत, म्हणजे कार्तिक द्वादशीला, बहुतेक लावणी आटोपलेली असते. उसाबरोबर दिंड्याची काठी, आवळा आणि चिंच वृंदावनात खोचताना बाया एकमेकींच्या परसातून नजर फिरवून घेतात, आणि कोणाच्या वांग्याला फूल आले याची चर्चा मंगलाष्टकांइतकीच मन लावून होते. त्याच वेळी बियांची देवाणघेवाणही ठरते. दुकानातल्या पाकिटांतले संकरित बी उगवते जोमाने, पण त्याच्या फळातले बी पुढल्या वर्षी तसेच पीक देईल याची हमी नसते; दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते, आणि एक-दोन वर्षे गावठी बी धरले नाही की ती जात त्या वाड्यातून कायमची उठते. ज्यांच्या मागील दारी चार वाफे आहेत त्यांना म्हणून एवढीच विनंती: या हंगामात सर्वांत निरोगी झाडावरचे एक वांगे आणि चार-पाच मिरच्या निवडून त्यांना लाल दोरा बांधा, आणि त्या फळांना हात लावायचा नाही असे घरच्यांना स्पष्ट बजावून ठेवा.